गोंगल्याओची अणुभट्टी आणि वकील राष्ट्राध्यक्ष

प्रकरण थोडक्यात

२७ ऑक्टोबर २०००. तैवानची राजधानी तैपेई. तिथल्या राष्ट्राध्यक्ष भवनात चेन शुई-बियान आणि लिएन चान समोरासमोर बसले होते. सात महिन्यांपूर्वीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत चेन निवडून आले होते आणि लिएन तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले होते. विधिमंडळात बहुमत मात्र लिएन यांच्या क्वोमिंतांग या जुन्या सत्ताधारी पक्षाचं होतं. गोंगल्याओ इथल्या चौथ्या अणुप्रकल्पाचं काम थांबवू नका, हे सांगायला लिएन आले होते. चेन यांनी ऐकून घेतलं. लिएन भवनाबाहेर पडून तासभरही झाला नसेल, तेवढ्यात पंतप्रधान चांग चुन-श्युंग यांनी प्रकल्पाचं काम बंद करत असल्याचं जाहीर केलं.

निर्णय बरोबर की चूक, यावर तैवानमध्ये आजही वाद होतो. या अभ्यासात पाहायचंय ते दुसरंच. चेन आणि चांग दोघेही पेशाने वकील. वीस वर्षांपूर्वी एकाच गाजलेल्या खटल्यात दोघे आरोपींच्या बचावाला उभे राहिले होते. त्या खटल्याने त्यांना राजकारणात आणलं आणि लढण्याची एक पद्धतही शिकवली. ती पद्धत सत्तेत आल्यावर कुठवर पुरली, हा प्रश्न चेन यांच्या अख्ख्या कारकिर्दीचा आहे आणि तो या एका निर्णयात सगळ्यात स्वच्छ दिसतो.

पार्श्वभूमी

चेन यांचा जन्म १९५० चा, तैनान भागातल्या ग्वानत्येन गावचा. वडील दुसऱ्याची जमीन कसायचे, नाहीतर मजुरीला जायचे. घरात उधारी इतकी, की कुणाचं किती देणं आहे ते खडूने भिंतीवर लिहून ठेवलेलं असे. मुलगा मात्र शाळेत कायम पहिला. राष्ट्रीय तैवान विद्यापीठात त्याने आधी व्यवसाय व्यवस्थापनाला प्रवेश घेतला होता. १९६९ मध्ये हुआंग शिन-चिए या विरोधी नेत्याचं भाषण ऐकलं आणि पुन्हा प्रवेश परीक्षा देऊन तो कायद्याकडे वळला. पदवी हातात पडायच्या आधीच, तिसऱ्या वर्षाला असताना, वकिलीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने पास झाला. १९७५ मध्ये एका डॉक्टरांच्या मुलीशी, वू शू-चेन यांच्याशी लग्न झालं. पुढच्या वर्षापासून जहाजवाहतूक आणि सागरी विम्याचे दावे चालवायला सुरुवात झाली. एव्हरग्रीनसारखी मोठी जहाज कंपनी अशील होती. घर स्थिरस्थावर झालं होतं.

त्या काळचा तैवान २० मे १९४९ पासून लष्करी कायद्याखाली होता. नवा पक्ष काढायला बंदी होती. विरोधकांनी मग मासिकांच्या आडोशाने संघटना उभी केली. त्यातल्या 'मेईलीताओ' म्हणजे फॉर्मोसा मासिकाच्या मंडळींनी १० डिसेंबर १९७९ रोजी, मानवी हक्क दिनी, काओशुंग शहरात मोर्चा काढला. पोलिसांशी चकमक झाली आणि पाठोपाठ देशभर धरपकड सुरू झाली. आठ जणांवर लष्करी न्यायालयात राजद्रोहाचा खटला भरला गेला. कलम असं होतं की त्याची मूळ शिक्षाच मृत्युदंड. पहिले आरोपी होते हुआंग शिन-चिए. ज्यांच्या भाषणामुळे चेन कायद्याकडे आले, तेच.

हुआंग यांचं वकीलपत्र घेण्याविषयी चेन यांना विचारण्यात आलं. वय एकोणतीस, अनुभव सगळा जहाजांच्या मालाचा आणि विम्याच्या कागदपत्रांचा. फौजदारी काम नाही, त्यात लष्करी कोर्ट. ते कचरले, आणि यात काही गैर नव्हतं. हे काम घेतलं तर अशील तुटतील, पाळत लागेल, उद्या आपणही आत जाऊ, हे सगळं उघड दिसत होतं. त्यांना पुढे ढकललं ते वू शू-चेन यांनी. अशा वेळी उभं राहायचं नसेल तर वकील कशाला झालात, असा त्यांचा सवाल होता. चेन यांच्या कारकिर्दीतला पहिला मोठा निर्णय असा घरात झाला, आणि तो निम्मा त्यांच्या पत्नीचा होता. त्याची किंमत पुढे कुणी किती मोजली, हे वाचताना ही गोष्ट विसरू नये.

खटला उभा राहायच्या आधीच आणखी एक भयंकर घटना घडली. आठ आरोपींपैकी लिन यी-श्युंग हेही वकील. ते कोठडीत असताना २८ फेब्रुवारी १९८० रोजी, पाळतीखालच्या त्यांच्या घरात भरदिवसा कुणीतरी शिरलं. लिन यांची आई आणि दोन जुळ्या मुली यांची हत्या झाली. थोरली मुलगी जखमी झाली, पण वाचली. मारेकरी आजपर्यंत सापडलेला नाही.

तीन आठवड्यांनी, १८ मार्चला, जिंगमेई इथल्या लष्करी कोर्टात सुनावणी सुरू झाली. पंधरा वकील उभे राहिले. ती कोर्टाची खोली आज मानवी हक्कांच्या स्मारकात जपून ठेवली आहे. तिथल्या सुनावणीचा एक फोटो तैवानमध्ये घरोघरी ठाऊक आहे. आरोपींची रांग आहे, भोवती गणवेशातले शिपाई आहेत, आणि मधोमध शिह मिंग-ते खिशात हात घालून हसत उभे आहेत. ज्याला फाशी होऊ शकते असा माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. सरकारने परदेशी पत्रकारांना आत येऊ दिलं होतं आणि वर्तमानपत्रांनी जबाब जवळजवळ शब्दशः छापले. झोपू न देता तासन्‌तास चौकशी करून कबुलीजबाब कसे घेतले गेले, हे लोकांनी पहिल्यांदा आरोपींच्या तोंडून वाचलं.

१८ एप्रिलला निकाल लागला. शिह यांना जन्मठेप, हुआंग यांना चौदा वर्षं, बाकी सहा जणांना बारा-बारा वर्षं. फाशी टळली, त्यात परदेशातून आलेल्या दबावाचा वाटा मोठा होता. कागदावर बचाव पक्ष हरला होता. पण त्या पंधरा जणांतले कितीतरी पुढच्या काही वर्षांत निवडून आले. १९८१ मध्ये चेन आणि फ्रँक शिए तैपेईच्या नगरपरिषदेत गेले, सू त्सेंग-चांग प्रांतिक विधानसभेत गेले. चांग चुन-श्युंग आणि च्यांग पेंग-च्येन १९८३ मध्ये राष्ट्रीय विधिमंडळात पोचले. कोर्टात हरा आणि कोर्टाबाहेर जिंका, हा धडा त्या पिढीने तिथे घेतला. धडा खोटा नव्हता. ज्या कोर्टात निकाल आधीच ठरलेला असतो, तिथे वकिलाचा खरा श्रोता न्यायासनावर बसलेला नसतोच.

चेन यांच्या बाबतीत हा धडा दुसऱ्यांदा पक्का झाला आणि तेव्हा तो फार महाग पडला. ते ज्या 'पेंगलाईताओ' मासिकाचे प्रमुख होते, त्यात एका प्राध्यापकाचं पुस्तक स्वतंत्र लेखन नसून भाषांतर आहे, असा आरोप छापून आला. बदनामीचा दावा झाला. जानेवारी १९८५ मध्ये चेन आणि दोन सहकाऱ्यांना एक वर्षाची कैद आणि वीस लाख तैवानी डॉलरची भरपाई सुनावली गेली. चेन यांनी नगरपरिषदेचा राजीनामा दिला आणि नोव्हेंबरात आपल्या तैनान जिल्ह्याच्या प्रमुखपदाची निवडणूक लढवली. हरले. मतमोजणीनंतर दोन दिवसांनी, १८ नोव्हेंबरला, मतदारांचे आभार मानायला दोघं नवराबायको ग्वानम्याओ गावात फिरत होती. एका तीनचाकी मालवाहू गाडीने वू शू-चेन यांना धडक दिली आणि गाडी अंगावरून गेली. कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. सरकार दरबारी तो अपघात ठरला. समर्थकांनी ते कधीच मानलं नाही.

अपिलात शिक्षा आठ महिन्यांवर आली आणि जून १९८६ मध्ये चेन तुरुंगात गेले. ते आत असतानाच २८ सप्टेंबरला डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी, म्हणजे डीपीपी, स्थापन झाली. डिसेंबरात विधिमंडळाची निवडणूक झाली, तिला उभ्या राहिल्या वू शू-चेन. चाकाच्या खुर्चीवरून प्रचार केला आणि निवडून आल्या. पुन्हा तेच घडलं. कोर्टात हार झाली आणि बाहेर जीत.

१९८९ ते १९९४ ही विधिमंडळातली वर्षं भरभर ओलांडू. १९९४ मध्ये तिरंगी लढतीत सुमारे ४४ टक्के मतांवर चेन तैपेईचे महापौर झाले. महापौर म्हणून ते कामसू होते, याबद्दल विरोधकांचंही फारसं दुमत नव्हतं. राष्ट्राध्यक्ष भवनासमोरच्या रस्त्याला लष्करी कायद्याच्या काळातले राज्यकर्ते च्यांग कै-शेक यांच्या दीर्घायुष्याची कामना करणारं नाव होतं. ते १९९६ मध्ये बदलून त्यांनी तिथल्या मूळ रहिवासी जमातीवरून केतागालान असं नाव दिलं. त्याच काळातली एक गोष्ट मात्र पुढच्या प्रकरणासाठी लक्षात ठेवायला हवी. बागांसाठी राखीव असलेल्या दोन भूखंडांवर जुन्या सैनिकांची झोपडवस्ती होती. मार्च १९९७ मध्ये महापालिकेने ती पाडली. जागा सरकारी, आरक्षण बागेचं, कायदा पालिकेच्या बाजूने. पण उतारवयातली माणसं आधी कुठे जातील, याचं उत्तर तयार नसताना बुलडोझर आले. तिथल्या एका वृद्धाने पाडकामाच्या आधी आत्महत्या केली. कागद आपल्या बाजूने असला की निर्णय पूर्ण झाला, ही सवय मला इथे पहिल्यांदा दिसते.

१९९८ ला क्वोमिंतांगच्या मा यिंग-ज्यू यांच्याकडून चेन हरले आणि महापौरपद गेलं. पण क्वोमिंतांगमध्ये फूट पडली आणि १८ मार्च २००० रोजी चेन ३९.३ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. उपराष्ट्राध्यक्ष झाल्या अ‍ॅनेट लू, १९८० च्या आठ आरोपींपैकी एक. २० मे या दिवशी दोघांनी शपथ घेतली. लष्करी कायदा सुरू झाला तो १९४९ चा दिवसही २० मेच.

समस्या

तैपेईच्या पूर्वेला समुद्रकाठी गोंगल्याओ हे मासेमारी करणारं गाव. तिथे प्रत्येकी सुमारे १,३५० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या. गावाने १९९४ मध्ये स्वतःच्या पातळीवर सार्वमत घेतलं, त्यात मतदान करणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी, ९६ टक्के लोकांनी, विरोध नोंदवला. त्याला कायद्याने किंमत नव्हती. तुरुंगातून सुटून, परदेशी राहून परतलेल्या लिन यी-श्युंग यांनी याच वर्षी उपोषण केलं आणि देशव्यापी सार्वमताच्या मागणीसाठी पदयात्रा काढली. अणुऊर्जेला विरोध हा डीपीपीच्या जाहीरनाम्यातला कलम होता. चेन यांनी तसं वचन देऊन मतं घेतली होती, आणि ज्या निवडणुकीत ती घेतली त्या वेळी पक्षाचे अध्यक्ष लिनच होते.

दुसऱ्या बाजूला, प्रकल्पाचं सुमारे एक तृतीयांश काम झालेलं. यंत्रांची कंत्राटं परदेशी कंपन्यांशी झालेली. विधिमंडळाने पैसे मंजूर केलेले. २२५ सदस्यांच्या सभागृहात डीपीपीचे जेमतेम सत्तर. चेन यांनी समंजसपणा दाखवून क्वोमिंतांगच्याच तांग फेई या माजी हवाईदल जनरलला पंतप्रधान नेमलं होतं, पण तांग प्रकल्प बंद करायला तयार नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीस अर्थव्यवहार मंत्र्यांनी काम थांबवण्याची शिफारस केली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तांग यांनी पद सोडलं. त्यांच्या जागी चांग चुन-श्युंग आले.

पर्याय

चेन यांच्यापुढे निदान चार वाटा होत्या.

पहिली, काम चालू ठेवायचं आणि नवा प्रकल्प मात्र एकही घ्यायचा नाही असं जाहीर करायचं. उद्योगजगत शांत राहिलं असतं. पण ज्या कार्यकर्त्यांनी वीस वर्षं पदरमोड करून पक्ष उभा केला, त्यांना तोंड दाखवणं अवघड झालं असतं.

दुसरी, सार्वमत. लिन यांची मागणी तीच होती आणि लोकशाहीच्या दृष्टीने ती सगळ्यात निर्मळ वाट होती. अडचण एवढीच की सार्वमताचा कायदाच नव्हता. तो झाला नोव्हेंबर २००३ मध्ये.

तिसरी, विधिमंडळात जाऊन आपली बाजू मांडायची, चर्चा घडवायची, मतदान घ्यायचं. हार नक्की होती. यात एक जुना दाखलाही होता. मे १९९६ मध्ये याच सभागृहाने बांधकामाधीन अणुप्रकल्प रद्द करण्याचा ठराव केला होता. तेव्हाच्या क्वोमिंतांग सरकारने तो फेरविचारासाठी परत पाठवला आणि ऑक्टोबरात आपल्या बाजूने फिरवून घेतला. म्हणजे अशा विषयावर सरकार आणि सभागृह यांच्यात देवाणघेवाण करण्याची घटनात्मक वाट होती, आणि ती वापरलीही गेली होती.

चौथी, मंत्रिमंडळाच्या अधिकारात काम थांबवायचं.

चौथी वाट का निवडली, हे कळायला एका वकिलाच्या नजरेने प्रश्नाकडे बघायला हवं. विधिमंडळाने अर्थसंकल्पात एखाद्या कामाला पैसे मंजूर केले, म्हणजे काय केलं? सरकारला तो पैसा खर्च करायची परवानगी दिली, की खर्च केलाच पाहिजे असा हुकूम दिला? परवानगी असेल तर न वापरणं हा सरकारचा अधिकार. हुकूम असेल तर काम थांबवणं म्हणजे कायदेभंग. तैवानच्या घटनेत याचं नेमकं उत्तर लिहिलेलं नव्हतं. शिवाय १९९७ च्या घटनादुरुस्तीनंतर पंतप्रधान नेमायला विधिमंडळाची संमती लागत नव्हती. अविश्वास ठराव आणता येत होता, पण तो मंजूर झाला तर राष्ट्राध्यक्षाला सभागृह बरखास्त करता येत होतं, आणि नुकत्याच सपाटून हरलेल्या क्वोमिंतांगला ताबडतोब निवडणूक नको होती. युक्तिवाद म्हणून हे सगळं भक्कम आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने परीक्षेत असं उत्तर लिहिलं तर त्याला चांगले गुण मिळावेत.

कृती

निर्णयात सगळ्यात जास्त नुकसान केलं ते वेळेने. लिएन यांना बोलावलं, चर्चा केली, आणि त्यांची गाडी पक्षाच्या कचेरीत पोचते न पोचते तोच घोषणा. घोषणा आधीच ठरलेली होती आणि भेट देखाव्यापुरती होती, असाच अर्थ विरोधकांनी घेतला. दुसरा कुठला अर्थ घ्यायला त्यांना जागाच ठेवली नव्हती. निवडणुकीनंतर एकमेकांची तोंडं न पाहणारे विरोधी पक्ष त्या दिवसापासून एकत्र आले. राष्ट्राध्यक्षांना पदावरून परत बोलावण्याची हालचाल सुरू झाली. पाच महिन्यांच्या सरकारला अपमानाच्या एका तासाने एकसंध विरोधी आघाडी मिळवून दिली.

सरकारने प्रश्न घटनापीठाकडे नेला. १५ जानेवारी २००१ रोजी ५२० क्रमांकाचा निर्वाळा आला. तो मला फार समतोल वाटतो. मंजूर झालेला प्रत्येक पैसा सरकारने खर्च केलाच पाहिजे असं नाही, हे न्यायमूर्तींनी मान्य केलं. पण देशाच्या मोठ्या धोरणात बदल करायचा असेल, तर सरकारने आधी विधिमंडळासमोर येऊन निवेदन करायला हवं होतं, सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला हवी होती. ते झालं नाही, हा प्रक्रियेतला दोष आहे आणि तो दूर करावा. वकिलाचा युक्तिवाद अर्धा टिकला होता. ज्याच्याकडे त्यांनी पाठ फिरवली, ती तिसरी वाट मात्र आता सक्तीची झाली होती.

जानेवारीच्या अखेरीस चांग यांनी विधिमंडळात निवेदन केलं. मतदान झालं १३४ विरुद्ध ७०, प्रकल्प चालू ठेवण्याच्या बाजूने. १४ फेब्रुवारीला काम पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली. एकशे दहा दिवस.

परिणाम

लगेचचा परिणाम सगळ्या बाजूंनी वाईट होता. प्रकल्प थांबला नाही, कंत्राटदारांची देणी वाढली, अणुविरोधी चळवळीला विश्वासघात वाटला, उद्योजकांना सरकार बेभरवशाचं वाटलं. २००१ मध्ये तैवानची अर्थव्यवस्था कित्येक दशकांत पहिल्यांदा आकसली. त्याचं मुख्य कारण अमेरिकेतला संगणक उद्योगाचा फुगा फुटणं हे होतं, पण बोटं गोंगल्याओकडे दाखवली गेली.

आणि तरीही डिसेंबर २००१ च्या विधिमंडळ निवडणुकीत डीपीपीला ८७ जागा मिळाल्या. क्वोमिंतांग ६८ वर घसरला. पक्ष पहिल्यांदाच सभागृहात सगळ्यात मोठा झाला. विरोधक आम्हाला काम करू देत नाहीत, हा प्रचार लोकांना पटला होता. या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निर्णय फसल्यावर शिक्षा मिळाली असती, तर कदाचित पद्धत बदलली असती. इथे मतदारांनी जुन्याच धड्यावर शिक्कामोर्तब केलं. २००४ मध्ये चेन ५०.११ टक्के मतांवर, मतदानाच्या आदल्या दिवशी झालेल्या गोळीबारातून वाचून, पुन्हा निवडून आले.

पुढची वर्षं थोडक्यात, कारण ती या प्रकरणाची शेपटी आहे. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विशेष निधीची चौकशी सुरू झाली. सप्टेंबरात केतागालान रस्त्यावर लाल कपड्यांतल्या लोकांचा समुद्र जमला आणि राजीनाम्याची मागणी झाली. आघाडीवर होते शिह मिंग-ते, जिंगमेईच्या कोर्टात हसत उभे राहिलेले. लिन यी-श्युंग यांनी त्याच वर्षी पक्ष सोडला होता. ३ नोव्हेंबरला वू शू-चेन यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं. राष्ट्राध्यक्षाला घटनेच्या ५२ व्या कलमाचं संरक्षण असल्याने चेन यांच्यावर पद सोडल्यावर कारवाई होईल, असं सरकारी वकिलांनी सांगितलं. चेन यांनी संरक्षण आणि राष्ट्रीय गुपितं या मुद्द्यांवर घटनापीठाकडे धाव घेतली. कायद्याने तो त्यांचा हक्क होता. पण लोकांचा प्रश्न कलमांचा नव्हताच. पैसा कुठे गेला, एवढंच ते विचारत होते.

१४ ऑगस्ट २००८ रोजी, पद सुटल्यावर तीन महिन्यांनी, चेन यांनी स्वतः सांगितलं की निवडणूक निधीचा सगळा हिशोब त्यांनी जाहीर केला नव्हता आणि पत्नीने पैसे परदेशी पाठवले होते. दुसऱ्या दिवशी पक्ष सोडला. नोव्हेंबरात अटक झाली. बेड्या घातलेले हात त्यांनी कॅमेऱ्यांसमोर डोक्यावर उंच धरले. ११ सप्टेंबर २००९ रोजी खालच्या कोर्टाने दोघांना जन्मठेप सुनावली, अपिलात ती कमी झाली, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये जमीन व्यवहार आणि एका नेमणुकीसाठी घेतलेल्या लाचेच्या दोन प्रकरणांत चेन यांची शिक्षा कायम झाली. हे सूडाचे खटले आहेत, ही त्यांची भूमिका राहिली. जानेवारी २०१५ मध्ये आजारपणाच्या कारणाने ते तात्पुरते सुटले.

वेगळं काय करता आलं असतं

ऑक्टोबर २००० च्या निर्णयाकडे परत येऊ. घोषणेआधी विधिमंडळात जायला हवं होतं, हे आता सगळेच म्हणतात, कारण घटनापीठानेच तसं म्हटलं. मला त्याचं वेगळं कारण द्यावंसं वाटतं. मतदान १३४ विरुद्ध ७० च झालं असतं, यात शंका नाही. पण गोंगल्याओच्या कोळ्यांची बाजू, किरणोत्सारी कचरा ठेवायचा कुठे हा प्रश्न, बेटावरच्या भूकंपांची भीती, हे सगळं सभागृहाच्या इतिवृत्तात गेलं असतं आणि वर्तमानपत्रांत छापून आलं असतं. जिंगमेईत नेमकं हेच झालं होतं. तिथे निकाल ठरलेला असूनही पंधरा वकिलांनी प्रत्येक मुद्दा मांडला, कारण ऐकणारे बाहेर होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर चेन यांनी त्या खटल्यातली लढाऊ वृत्ती आठवणीत ठेवली आणि तिथली चिकाटीची सुनावणी विसरले. हरणारी सुनावणीही करायची असते. ती त्यांना कुणापेक्षाही जास्त माहीत होती.

दुसरा मुद्दा लिएन यांच्या भेटीचा. विरोधी नेत्याला भेटायचंच होतं, तर निर्णय आठवडाभर पुढे ढकलता आला असता. निर्णय ढकलायचा नव्हता, तर भेट ठेवायला नको होती. या दोन्हींपैकी काहीही केलं असतं, तरी विरोधक इतक्या लवकर एक झाले नसते. वकिलाला समोरच्या पक्षाची मर्जी राखावी लागत नाही, निकाल लागला की दोघे आपापल्या घरी जातात. सरकार चालवणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे अर्थसंकल्प घेऊन जायचं असतं.

तिसरा मुद्दा सार्वमताच्या कायद्याचा. सत्तेच्या पहिल्या सहा महिन्यांत सगळी ताकद त्या कायद्यामागे लावली असती, तर कदाचित तो २००३ च्या आधी झाला असता. याची खात्री देता येत नाही, बहुमत विरोधकांचं होतं. पण लोकांना विचारू द्या, या मागणीला विरोध करणं बंदीला विरोध करण्याइतकं सोपं गेलं नसतं.

प्रकल्पाचं पुढे काय झालं, तेही नोंदवायला हवं. २२ एप्रिल २०१४ रोजी लिन यी-श्युंग तैपेईच्या यिग्वांग चर्चमध्ये बेमुदत उपोषणाला बसले. ते चर्च म्हणजे त्यांचं जुनं घर, जिथे त्यांची आई आणि मुली मारल्या गेल्या. बाहेर हजारो लोक रस्त्यावर उतरले. सत्तेत तेव्हा मा यिंग-ज्यू यांचं क्वोमिंतांग सरकार होतं. आठवडाभरात त्या सरकारने पहिली भट्टी तपासणीनंतर बंदिस्त करायचं आणि दुसरीचं काम थांबवायचं मान्य केलं. चेन त्या वेळी तायचुंगच्या तुरुंगात आजारी होते. २०१८ पासून न वापरलेलं अणुइंधन जहाजाने अमेरिकेला परत जाऊ लागलं. १८ डिसेंबर २०२१ रोजी प्रकल्प पुन्हा सुरू करावा का, यावर देशभर सार्वमत झालं. ५२.८४ टक्के लोकांनी नको म्हणून मत दिलं.